दुसऱ्या बाजूचा श्वास

जयंती आगाशेला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि तिला पगार मिळतो तो मात्र गाणी ऐकण्याचा. बेस्ट या डच गावातल्या मराठी मंडळींत हा थट्टेचा विषय जुना झाला तरी अजून शिळा झालेला नाही. “आमचे नवरे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे चढवून चिपांच्या कंपनीतल्या क्लीनरूममध्ये राबतात, आणि ही बया कानाला हेडफोन लावून आरामखुर्चीत!” असं दिवाळीच्या फराळाला कोणी ना कोणी म्हणतंच. जयंती हसून चकलीचं ताट पुढे सरकवते. आरामखुर्चीचा भाग काही खोटा नाही.

आइंडहोवनच्या कडेला, कालव्याला लागून असलेल्या एका जुन्या शेडमध्ये योरिस नावाचा डच माणूस रेकॉर्डी छापतो. त्याच त्या काळ्या तबकड्या, ज्या आपल्याकडे लोकांनी भंगारवाल्याला देऊन टाकल्या आणि इथली विशी-पंचविशीतली पोरं आता हौसेने विकत घेतात. मोठी छपाई सुरू करण्याआधी साच्यातून नमुन्याच्या काही प्रती काढायच्या आणि त्या कोणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत कान देऊन ऐकायच्या, अशी या धंद्याची पद्धत आहे. ते कोणीतरी म्हणजे जयंती. टिचकी, खरखर, सरसर, जे ऐकू येईल ते बाजू आणि जागा सांगून कळवायचं. गाणं कसं आहे हे तिने सांगायचं नाही आणि योरिसने विचारायचं नाही. इथे सगळ्यात मोठी शाबासकी एकच, ‘शांत’. दोन गाण्यांच्या मध्ये जिथे काही नसायला हवं तिथे खरोखरच काही नसलं, की योरिस अंगठा वर करतो आणि कॉफी करायला जातो.

ही नोकरी तिला मिळाली त्याचीही गंमत आहे. शिरीषला इथे चिपांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत काम मिळालं, तेव्हा चिंचवडच्या सहकारी बँकेतली आपली खुर्ची सोडून ती त्याच्या मागून आली. पुढे अनिमेष कॉलेजात गेल्यावर घर खायला उठलं. खेमेंतेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, डच भाषेच्या वर्गात कोणीतरी या जागेबद्दल सांगितलं. मुलाखतीत योरिसने दोन तबकड्या लावल्या आणि यात खराब कुठली ते ओळख म्हणाला. जयंती म्हणाली, पहिलीत एक टिचकी आहे, पण बारीक गुणगुण दोन्हींत आहे. योरिस चक्रावला. त्याने सगळी यंत्रं तपासली. शेवटी पलीकडच्या खोलीतला फ्रिज निघाला. नोकरी जागच्या जागी पक्की झाली.

हे कान तिला जन्मतः मिळालेले नव्हते. ते अनिमेषमुळे तयार झाले. पोराला बाळदमा होता. त्याच्या पाठीला कान लावून तिने किती रात्री बसून काढल्या त्याला गणती नाही. शिट्टी बारीक असली तर वाफ पुरायची, जाड झाली तर पंप, आणि घरघर ओली झाली की दवाखाना. चिंचवडचे त्यांचे डॉक्टर फटकळ होते. ते म्हणायचे, “आवाज येतोय ना, मग घाबरायचं नाही. वारा आत-बाहेर करतोय. पोर धापा टाकतंय आणि छाती वाजायची मात्र थांबली, की मला फोनसुद्धा करत बसू नका. उचला आणि पळा.”

एकदा तसंच झालं होतं. दिवसभर वाजणारी छाती संध्याकाळी एकदम गप्प झाली. सासूबाई म्हणाल्या, “लागला बाई डोळा एकदाचा.” जयंतीने पाठीला कान लावला, आत काहीच ऐकू येईना, आणि ती पोराला उचलून अनवाणीच रस्त्यावर रिक्षा शोधत धावली. डॉक्टर नंतर म्हणाले, बाई, वेळेवर आणलंत. सासूबाई बिचाऱ्या मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहिल्या. ऑफिसात जी शांतता ऐकून योरिस खूश होतो, ती घरात पडली की जयंती अजून दचकून उठते.

आता अनिमेष मोठा झाला आहे. डच शाळेत शिकलेला, आईने मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारा. रेल्वेने तास-दीड तासावरच्या स्लोटरडाइकला एका कंपनीत लागला आणि स्टेशनपलीकडेच एका खोलीच्या स्टुडिओत राहायला गेला. दमा बराचसा आटोक्यात आला. आईचा कान काही आटोक्यात आला नाही. तो फोनवर आपल्या प्रोजेक्टबद्दल रंगून सांगत असायचा आणि ही मध्येच विचारायची, “जिना चढून आलास का रे? श्वास लागलाय तुला.” तो ‘बाय’ म्हणून फोन ठेवायचा.

मग एकदा कहर झाला. सर्दी झाली आहे एवढं त्याच्या तोंडून निसटलं, आणि जयंतीने त्याच्या ऑफिसशेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या आपल्या मैत्रिणीला, श्रुतीला, कामाला लावलं. श्रुती बिचारी मदतीला तत्पर. ती नवा पंप आणि मेतकुटाची बरणी घेऊन थेट त्याच्या ऑफिसात पोचली आणि मीटिंगच्या काचेच्या खोलीबाहेर उभी राहून, आत बसलेल्या अनिमेषला छातीवर हात ठेवून खुणा करू लागली. आतले सगळे डच साहेब माना वळवून बघत राहिले.

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. तो ओरडला नाही, हेच वाईट झालं.

“आई, यू नेव्हर लिसन टू मी,” तो म्हणाला. “यू लिसन टू माय लंग्ज. यापुढे नो कॉल्स. संडेला मी मेसेज करीन. आणि परत जर तू कोणाला माझ्याकडे पाठवलंस ना, तर मी घरी येणार नाही. आय मीन इट.”

आगाशांचा हट्ट जयंतीला शिरीषमुळे चांगला ठाऊक होता. तिने कबूल केलं. तेव्हापासून दर रविवारी ‘ऑल गुड’ आणि पुढे एक अंगठा, एवढ्यावर ही बाई जगत होती. फोन करायचा असं बोट शंभरदा पुढे व्हायचं आणि मागे यायचं.

नोव्हेंबरात ती तबकडी आली. इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी नावाच्या मासेमारीच्या गावातला एक बँड, नाव ‘द नेट मेंडर्स’. पाठीशी कुठली कंपनी नाही. गाणी स्वतः बसवायची, स्वतःच रेकॉर्ड करायची आणि छापूनही स्वतःच विकायची, असा सगळा घरचा कारभार. अल्बमचं नाव ‘नॉर्थ वॉल’. त्यात गिटार, गिटार आणि गिटार. एक कुरकुरायला लागते, दुसरी तिच्यावर खेकसते, तिसरी दोघींच्या डोक्यावर पाय देऊन वर चढते. ड्रमवाला त्यातून वाट काढत असतो आणि एक बाई मधूनच गाते, तीही भाडेकरूशी भांडल्यासारखी. जयंतीचं मत असं की अशा रेकॉर्डीत खोट शोधणं महाकठीण, कारण सगळंच मुळात बिघडल्यासारखं वाजत असतं. तरी तिने इमानेइतबारे ऐकलं. पहिली बाजू ठीक होती. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं संपलं, गिटारचा सूर लांबत लांबत विरून गेला, आणि त्यानंतर नुसती रिकामी खोबण असायला हवी होती.

तिथे कोणीतरी श्वास घेत होतं.

आत जाताना बारीक शिट्टी, बाहेर येताना ओलसर घरघर, आणि दर दोन-चार श्वासांमागे आवंढा गिळल्यासारखा एक अडखळा. जगात दमेकरी काय कमी आहेत? पण हा अडखळा जयंतीने पोराच्या लहानपणापासून तळहाताखाली अनुभवला होता. ही अनिमेषची छाती होती. तिने हेडफोन काढला. खोलीला खिडकी नव्हती, भिंतींना जाड गादी लावलेली होती, आत तिच्याशिवाय कोणी नव्हतं. तिने हेडफोन परत लावला. श्वास चालूच होता, अगदी कानामागून यावा तसा.

तिने योरिसला हाक मारली. “दुसरी बाजू, अगदी शेवट. श्वास आहे.”

योरिसने ऐकलं. “आहे की,” तो म्हणाला. “चांगला स्पष्ट आहे.”

जयंतीला हायसं वाटलं. निदान डोकं तरी ठिकाणावर होतं. योरिसने बँडला मेल टाकली आणि त्या गाणाऱ्या बाईचं उत्तर त्याच दिवशी आलं. तो आवाज ग्लेनचा, तिने लिहिलं होतं, आमच्या गिटारवाल्याचा. मासे धुरी देऊन वाळवायच्या एका बंद पडलेल्या शेडमध्ये आम्ही हा अल्बम केला. ग्लेनला लहानपणापासून दमा, पण गाणं पूर्ण संपेपर्यंत तो पंपाला हात लावायचा नाही. रेकॉर्डिंग झालं आणि फेब्रुवारीत तो गेला. भरदुपारी गेला. आम्ही शेजारच्या खोलीत चहा पीत होतो. त्याची घरघर थांबली तेव्हा आम्हाला वाटलं, झोप लागली. त्याची झोप मोडू नये म्हणून आम्ही हळू बोलायला लागलो. तो श्वास कृपा करून काढू नका.

जयंतीने ते वाचलं आणि ती ढसाढसा रडली. योरिसला वाटलं, बाईंचं मन हळवं आहे. त्याने तिला कॉफी आणून दिली आणि नमुना मंजूर केला.

घरी शिरीषने सगळं ऐकून घेतलं. तो मुळात वाईट माणूस नाही, फक्त प्रत्येक गोष्टीला कारण असतं यावर त्याचा फार विश्वास आहे.

“अगं, दमा म्हणजे एअरवे नॅरो होतो,” तो म्हणाला. “नळी तशीच, वारा तसाच, मग आवाज पण तसाच येणार ना? सिंपल फिजिक्स आहे.”

“आणि अडखळा?”

“कोइन्सिडन्स.”

“एक फोन करू का रे त्याला? फक्त एक.”

“जयू, नको. मुश्किलीने रुळावर आलंय सगळं. ख्रिसमसला येणार म्हणालाय. संडेला मेसेज आला ना त्याचा?”

“आला.”

“मग झालं तर.”

झालं तर झालं, असं म्हणून जयंतीने पोळ्या लाटायला घेतल्या. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडताच ऐकण्याच्या खोलीत गेली आणि दुसऱ्या बाजूवर सुई ठेवली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेली. साचा धातूचा असतो, एकदा कोरलेली खोबण बदलत नाही, हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. श्वास मात्र बदलत होता. आधी शिट्टी मोकळी होती, ती आता आवळत चालली होती. अडखळे जवळजवळ येत होते. हे असं आवळत जाणं तिला पाठ होतं. तिने योरिसला ऐकवलं. तो म्हणाला, “तोच तर आहे, जयंती. खोबण कशी बदलेल?” त्याने तिच्याकडे जरा काळजीने पाहिलंही. जे नाही ते ऐकू यायला लागलेली बाई त्याला काय कामाची?

त्या संध्याकाळी, रविवार नसताना, तिने न राहवून मेसेज केला. “कसा आहेस रे?”

उत्तर आलं, “थोडी सर्दी. फाइन. प्लीज सुरू करू नकोस.”

तिने सुरू केलं नाही. एखाद्या रेकॉर्डीवर कोणा मेलेल्या इंग्रजाचा श्वास ऐकला म्हणून पोटच्या पोराला कायमचं तोडायचं का? शिरीष घोरत होता आणि ही छताकडे बघत पडून होती.

छपाईच्या दिवशी दुपारी मशिनमधून निघालेल्या पहिल्या प्रती घेऊन ती खोलीत बसली. मोठ्या छपाईतल्याही एखाद-दोन प्रती ऐकायच्या, हाही तिच्याच कामाचा भाग. तबकडी अजून कोमट होती. दुसरी बाजू लावली. गिटारींनी आपला धुमाकूळ घातला, ती बाई भांडून झाली, शेवटचा सूर विरला. आणि पुढे काही नाही. सरसर नाही, टिचकी नाही. इतकी स्वच्छ शांतता जयंतीने आजवर या खोलीत ऐकली नव्हती.

योरिस आत आला, त्याने दुसरा हेडफोन कानाला लावला आणि सवयीने अंगठा वर केला. मग त्याचा हात तसाच हवेत राहिला.

“श्वास कुठे गेला?” तो म्हणाला.

त्याने कपाटातून नमुन्याची प्रत काढली, जिच्यावर त्या दोघांनी तो श्वास ऐकला होता तीच. शेवटच्या गाण्यावर सुई टेकवली. गाणं संपलं. पुढे काही नाही. त्याने सुई तपासली, तारा काढून परत लावल्या, दुसऱ्या यंत्रावर तीच तबकडी लावली. प्रत्येक वेळी तीच काळी, गुळगुळीत शांतता. “हे शक्य नाही,” तो स्वतःशीच डचमध्ये पुटपुटत राहिला.

जयंती त्याच्याकडे बघत नव्हती. तिच्या हातात फोन होता. फोन केला आणि तो धडधाकट असला, तर मुलगा गेला. ख्रिसमस गेला, रविवारचा अंगठाही गेला. ती हे सगळं पुरतं समजून होती, आणि तिला त्याची भीती वाटली. मग तिने फोन लावला. घंटी वाजत राहिली. परत लावला. परत वाजत राहिली. तिने एकशेबारा फिरवला.

तिकडून एका बाईने विचारलं, कुठली मदत हवी आहे? जयंतीचं डच एरवी बेकरीत पाव मागतानाही अडखळतं, त्या दिवशी सरळ निघालं. माझ्या मुलाला दमा आहे, तो फोन उचलत नाही, त्याचा पत्ता हा असा.

“तुम्ही त्याच्याजवळ आहात का?”

“नाही. मी आइंडहोवनला आहे.”

“मग तो अडचणीत आहे हे तुम्हाला कशावरून कळलं?”

“त्याची छाती वाजायची थांबली.”

“शेवटची कधी ऐकलीत तुम्ही?”

जयंतीने फिरत्या तबकडीकडे पाहिलं. “आत्ता,” ती म्हणाली. “आत्ता थांबली.”

ती बाई म्हणाली, अँब्युलन्स पाठवते, फोन चालू ठेवा.

शिरीष कंपनीतून सरळ स्टेशनवर आला. आगगाडीत तो समोर बसला. त्यानेही फोन लावून पाहिले होते. बाहेर ओली शेतं आणि कालवे मागे पळत होते, नोव्हेंबरचा तो मळकट उजेड हळूहळू जात होता. जयंतीने देवाकडे आयुष्यात पुष्कळ काय काय मागितलं असेल, पण असं कधी मागितलं नव्हतं. तो माझ्यावर रागावलेला असू दे. दार फोडलं म्हणून मला वाटेल ते बोलू दे, पुन्हा तोंड बघणार नाही म्हणू दे. फक्त ओरडायला त्याच्यात श्वास असू दे.

आइंडहोवन मागे पडून जरा वेळ झाला आणि फोन थरथरला. मेसेज योरिसचा होता. “श्वास परत आला. सगळ्या प्रतींवर, आत्ता. मी खोलीत एकटा आहे आणि मला भीती वाटते आहे.”

तिने फोन शिरीषसमोर धरला. त्याने वाचलं. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचं कारण सांगणारा तो माणूस, त्याने फोन तिच्या मांडीवर पालथा ठेवला. लगेच तो वाजला. अनोळखी नंबर. अँब्युलन्समधून एक मुलगी बोलत होती. अग्निशमनवाल्यांनी दार उघडलं, तुमचा मुलगा जमिनीवर सापडला. जिवंत आहे, इस्पितळात नेतोय. छातीत वारा जवळजवळ जातच नव्हता, ती म्हणाली, इतका वेळ तो कसा तगला ते आम्हाला कळत नाही.

त्या संध्याकाळी त्यांना त्याला काचेतूनच बघता आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याजवळ बसू दिलं. तोंडावरचा मास्क काढून नाकात नळ्या घातल्या होत्या. तोंड राखेसारखं दिसत होतं आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण छाती वाजत होती. जयंती खुर्ची त्याच्या अगदी जवळ ओढून ते ऐकत बसली. कोणीतरी आधी बोलायला हवं म्हणून तीच बोलली.

“अनू, मी फोन केला. दार पण माझ्यामुळेच फोडलं. चुकलं असेल तर...”

त्याने हाताने थांब अशी खूण केली. मग एकेक शब्द सुटा सुटा बोलला.

“आई, तू परत माणूस पाठवलास ना?”

“कुठला माणूस?” शिरीषने विचारलं.

“दॅट इंग्लिश गाय.” तो दम घ्यायला थांबला. “पंप संपला होता. फोन बेडखाली गेला. मला उठता येईना, ओरडता येईना. मग हा समोर होता. भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेला. त्याच्या जॅकेटला स्मोक्ड फिशचा वास येत होता. बोलला काहीच नाही. नुसता श्वास घेत होता, मोठ्याने. माझ्यासारखाच, आई. तो स्टुपिड हिकप पण सेम. एक घ्यायचा आणि माझ्याकडे बघत थांबायचा, मी घेईपर्यंत. मग पुढचा. मला फार झोप येत होती. मी डोळे मिटले की तो आणखी जोरात घ्यायचा. झोपूच देईना. मग दार तुटलं, लोक आले, आणि तो कधी गेला ते मला दिसलं नाही.”

शिरीषने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. जयंतीने त्याचा हात घट्ट धरला आणि त्याने ते मिटलं.

“आय ॲम नॉट अँग्री,” अनिमेष म्हणाला. ओठाच्या कोपऱ्यात थोडंसं हसू आलं. “श्रुतीमावशीपेक्षा बरा होता. फक्त सांग, तूच पाठवलंस ना त्याला?”

जयंतीने त्याच्या कपाळावर चिकटलेले केस मागे सारले. ज्याच्याजवळ त्या दुपारी कोणी बसलं नव्हतं, तो कोणाचा तरी मुलगा तिच्या मुलाजवळ येऊन बसला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

“हो रे राजा,” ती म्हणाली. “मीच पाठवला.”